बांगडा, लेपा आणि तिसरीचा वर्ग

फळ्यावर मासा काढायला सांगितलं तर कुठल्याही शिक्षकाच्या हातून एकच मासा उतरतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन कमानी, मागे त्रिकोणी शेपटी, पुढे डोळ्याचं टिंब, आणि हौसच असेल तर ओठांवर थोडं हसू. मग बाण ओढायचे: पर, कल्ले, खवले, शेपटी. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. हा मासा मी आजवर मासळीच्या कुठल्याही पाटीत पाहिलेला नाही.

मी मूळची इंदापूर तालुक्यातली. घर माळकरी. आजी होती तोवर आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. नोकरी लागली जिल्हा परिषदेत आणि नेमणूक मिळाली मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून असलेल्या शाळेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. निम्म्या मुलांच्या घरी होडी, कुणाचे वडील ट्रॉलरवर खलाशी, कुणाचे आजोबा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात. पाटीवरचं फडकं अजून उचललेलं नसतं तेव्हाच ही पोरं वासावरून आत काय आहे ते सांगतात. आणि हीच पोरं ‘माशाचे अवयव सांगा’ म्हटलं की उभी राहून, हात मागे बांधून, पुस्तकातलं घडाघडा म्हणायची. घरचा मासा आणि पुस्तकातला मासा यांची कधी गाठच पडलेली नव्हती. मला खटकलं ते एवढंच. पुढे जे काही करत गेले ते या दोघांची भेट घडवण्यासाठी.

करते ते अगदी साधं आहे. सकाळी येता येता किनाऱ्यावरून एक बांगडा आणि एक लेपा, म्हणजे वाळूत राहणारा चपटा मासा, घ्यायचा. मोठ्या स्टीलच्या ताटात दोन्ही शेजारी ठेवायचे, ताट जमिनीवर, मुलं भोवती. पहिली काही मिनिटं अवयवांची नावं घ्यायची नाहीत, असा नियम. फक्त वेगळं काय आहे ते सांगायचं. एकाच माशावर हा तास होत नाही, हे माझं ठाम मत. एक मासा समोर ठेवला की मुलं त्याचं नाव सांगून मोकळी होतात. दोन ठेवले की बघायला लागतात.

“बाई, तुमी मासे खाणास नाय, मगे बघतास कित्याक?” हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणते, तुम्ही खाता म्हणून बघत नाही, मी खात नाही म्हणून बघते.

बांगड्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जाऊ द्यावा. हा मासा पोहण्यासाठीच घडलेला. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये भरलेला. शेपटीच्या बुडाशी अंग इतकं बारीक होतं की दोन बोटांच्या चिमटीत मावतं, आणि तिथून एकदम दुभंगलेली, ताठ, फाटा फुटलेली शेपटी. पाठीवरचा पहिला पर बोटाने उभा करता येतो आणि दाबला की पाठीवरच्या खाचेत असा बसतो की हात फिरवला तरी लागत नाही. पोरांना हा खेळ फार आवडतो, एकेकाला आवरावं लागतं. मागे, शेपटीच्या अलीकडे, वर आणि खाली इवल्या इवल्या परांची ओळ असते, साधारण पाच वर आणि पाच खाली. आपल्या घरी आठवड्यातून तीनदा बांगडा खाणाऱ्या मुलांनीही ती ओळ कधी मोजलेली नसते. का मोजतील? आई कापून टाकते. सुरमईला आणि कुपालाही (ट्यूनाला) अशीच ओळ असते, हे मात्र मुलंच मला सांगतात, आणि मग मी विचारते की हे तिन्ही मासे कसे पोहतात. जोरात, असं उत्तर येतं. जोरात पोहणाऱ्यांच्याच शेपटीजवळ हे छोटे पर का असावेत, यावर शास्त्रज्ञांनीही बरंच डोकं चालवलं आहे. शेपटीकडे येणारं पाणी वाटेतच भोवरे न करता सरळ यावं, असा काहीसा त्यांचा उपयोग मानतात.

बादलीचा प्रयोग इथेच करून घेते. पाण्याने भरलेल्या बादलीत तळहात आडवा धरून जोरात ओढायचा, मग तोच हात पाणी कापेल असा कडेने धरून ओढायचा. शब्दांत काही सांगावं लागत नाही. पाणी अडवतं, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या मुलांना अंगानेच माहीत असते, पण ती बांगड्याच्या आकाराला जोडलेली नसते. बादलीतून हात काढला की एखादं पोर ताटातला बांगडा उचलतं, बादलीत सरळ घालून ओढतं, मग आडवा धरून ओढतं. ते झालं की माझं काम निम्मं झालं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा त्याच वेळी हाताला लागतो. तो पाण्याशी होणारं घर्षण कमी करतो आणि जंतूंनाही दूर ठेवतो, हे सांगायला याहून चांगली वेळ नाही. नाहीतर बुळबुळीत म्हणजे घाण, एवढंच डोक्यात राहतं.

रंगाचं कोडं मात्र मी त्यांना थोडं झुंजवते. पाठ निळसर हिरवी, वर अंगाच्या लांबीने गेलेल्या काळसर रेघा, पोट चकचकीत चंदेरी. एकाच माशाला दोन रंग कशाला? विहिरीत वाकून बघताना तळ कसा दिसतो, काळोखा. आणि समुद्रात बुडी मारून वर बघितलं तर? उजेड. हे सगळ्यांनी केलेलं असतं. वरून झेप घेणाऱ्या पक्ष्याला काळोख्या पाण्यात गडद पाठ दिसत नाही, खालून येणाऱ्या सुरमईला वरच्या उजेडात चंदेरी पोट दिसत नाही. हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं तर त्या दिवशी शाळा सुटल्यावरही त्याचीच चर्चा चालते.

मग लेपा. लेप्याबद्दल पोरांचं पहिलं म्हणणं ठरलेलं: “ह्येचे दोनय डोळे एकाच बाजूक!” खालची बाजू पांढरी, डोळा नसलेली. वरची मातकट. तोंडही वाकडं. “ह्यो आडवो पडान पोवता,” असं एका मुलीने सांगितलं, आणि ते अगदी खरं आहे. लेपा वाळूत एका कुशीवर निजलेला असतो, निजूनच अंगाच्या लाटा करत सरकतो, आणि कडेने गेलेले लांबलचक पर थरथरवून अंगावर वाळू ओढून घेतो. मी सांगते की अंड्यातून निघालेलं लेप्याचं पिल्लू सरळ असतं. दोन बाजूंना दोन डोळे, बाकीच्या पिल्लांप्रमाणे उभं पोहणारं. मोठं होताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा आडवा होतो. यावर कुणीही विश्वास ठेवत नाही. बाई थापा मारतायत, असं एकमेकांकडे बघून हसतात. मीही आग्रह धरत नाही. त्या वाकड्या तोंडाकडे पुन्हा बघा, म्हणते. सरळ चेहऱ्याचा मासा आडवा व्हायला निघाला आणि तोंड अर्धवट मागे राहिलं, असं ते दिसतं. ते बघून दोघं-तिघं तरी गप्प होतात.

इथे खरी अडचण येते, आणि ती मुलांची नसून शिकवणाऱ्याची आहे. ‘लेप्याला लपता यावं म्हणून त्याचा डोळा सरकला.’ ‘बांगड्याला पळता यावं म्हणून त्याला अशी शेपटी मिळाली.’ तोंडातून सहज बाहेर पडणारी ही वाक्यं. पण मिळाली कुणाकडून? कुणी ठरवलं? पहिलीतला एक जण लगेच म्हणतो, “देवान केल्यान.” मी त्याला खोडत नाही, सात वर्षांच्या मुलाशी त्या विषयावर भांडायला मी शाळेत येत नाही. पण तेवढ्यावर सोडतही नाही. मी जाळ्याकडे वळते. जाळ्याच्या आसातून, म्हणजे भोकातून, कोण सुटतं? बारका. कोण अडकतं? मोठा. समजा शंभर वर्षं एकाच आसाचं जाळं टाकलं तर मागे राहून पिल्लं घालणारे कोण? यावर ही मुलं जे बोलतात ते मी इंदापूरच्या शाळेत कधीच ऐकलं नसतं. सुटणं आणि सापडणं हे त्यांच्या घरात रोज बोललं जातं. ज्याचं अंग वाळूत जरा जास्त मिसळलं तो सुटला, त्याची पिल्लं झाली, त्यातली जी अजून मिसळली ती सुटली. एवढं पुरे. पुढचं हायस्कूलमध्ये कळेल, आणि तेव्हा त्यांना ते परकं वाटणार नाही. मी ‘म्हणून’ हा शब्द बंद केलेला नाही, ते जमणारही नाही, पण आधी सुटणारा आणि मागाहून शेपटी, हा क्रम सांभाळते.

कल्ल्यांचा तास वेगळा घ्यावा लागतो. मासळीबाजारात बायका कल्ला उचलून बघतात, लालभडक असेल तर ताजा, तपकिरी पडला असेल तर शिळा. हे मुलांना पाळण्यातच कळतं. पण तो लाल का, याचं उत्तर फारसं कुणाकडे नसतं. रक्त म्हणून, आणि ते रक्त कातडीच्या इतक्या जवळ म्हणून, की पाण्यातला प्राणवायू आरपार आत जावा. आम्ही काय करतो, तर कल्ल्याची एक कमान कापून वाटीतल्या पाण्यात सोडतो. लाल झालर सुटी सुटी होऊन पसरते. वाटीतून वर काढली की सगळी झालर एकमेकींना चिकटून एक गोळा होतो. डोक्यावरून नाहून आलेल्या मुलीच्या केसांचं होतं ना, तसं. तिसरीतली एक मुलगी लांब केसांची होती, तिनेच स्वतःच्या वेणीकडे बोट दाखवलं. तर हवेत मासा गुदमरतो तो असा. हवेत प्राणवायू कमी असतो म्हणून नव्हे. उलट एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि एक लिटर पाण्यात विरघळलेला असतो १० मिलिग्रॅमच्याही आत. म्हणजे इतक्या तुटपुंज्या साठ्यावर जगणारं हे यंत्र, आणि भरल्या ताटापाशी येऊन उपाशी मरतं, कारण पाण्याचा आधार गेला की त्याची झालरच मिटते. आकडे मुलांना सांगत नाही. वाटी पुरते.

बांगड्याच्या कल्ल्याला आतल्या बाजूने आणखी एक गंमत असते. तोंड उघडून आत बघितलं तर लांब, पिसांच्या आकाराचे बारीक काटे दिसतात. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव या काट्यांत गाळून खातो. ताटाशेजारी सुरमईचं डोकं मिळालं तर फारच छान, कारण तिचे दात बघितले की कोण कुणाला खातं हे विचारावंच लागत नाही.

एक अडचण वेळापत्रकाची. शाळा जूनमध्ये उघडते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांचा धडा पहिल्या सत्राच्या सुरुवातीला आला तर ताटात ठेवायला काही नाही. आम्ही तो नारळी पौर्णिमेनंतर घेतो, नियोजनाच्या वहीत काहीही लिहिलेलं असो. जूनमध्ये त्याऐवजी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, जातो, पहिल्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट उड्या घेत वर जाताना बघायला. तेवढ्या वेळात शेपटी कशासाठी असते हे इतकं बघून होतं की नंतर सांगायला काही उरत नाही.

जिवंत मासा वर्गात आणायचा झाला तर मला गप्पी सोयीचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते विहिरींत आणि टाक्यांत सोडतं, मागितले तर चार देतात. काचेच्या बरणीत ठेवले की मुलं तासभर हलत नाहीत. मेलेल्या माशावर न दिसणारं सगळं इथे दिसतं. शेपटी डावी-उजवी हलते, छातीजवळचे पर मात्र वेगळंच काहीतरी करत असतात, थांबायला, वळायला, मागे सरकायला. कल्ल्याची झाकणं तोंडाच्या तालावर उघडमीट करतात. पापणी मिटत नाही, कारण नाहीच. आणि तोंड वरच्या अंगाला वळलेलं. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेल्या असतात, तोंड तिकडेच. एक पथ्य पाळते: बघून झालं की गप्पी पुन्हा टाकीतच. कुणी कितीही हट्ट केला तरी व्हाळात नाही. हे दक्षिण अमेरिकेतले पाहुणे आहेत, इथल्या माशांच्या घरात त्यांनी शिरू नये.

तरंगण्याचा विषय निघाला की घोळ मासा आठवतो. २०२१ साली पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि सव्वा कोटी रुपयांच्या वर गेले, ही बातमी आमच्या गावात दिवाळीपर्यंत चघळली जात होती. एवढा पैसा मांसाचा नाही, पोटातल्या भोताचा. भोत म्हणजे हवेची पिशवी. परदेशात ती औषधी म्हणून आणि खाण्यासाठी विकत घेतात. पण माशाला तिचा काय उपयोग? वायू कमी-जास्त करून पाण्यात हवं तिथे न बुडता, न वर येता थांबायला. औषधाची छोटी बाटली घ्यायची, बूच लावून बादलीत सोडायची, ती तरंगते. थोडं थोडं पाणी भरत गेलं की एक क्षण असा येतो की ती बुडतही नाही, वरही येत नाही. तो क्षण पकडायला मुलांना अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात वर्गात चिडीचूप. भोत कोटीचा का, हे कोडं मात्र बाटलीने सुटत नाही.

घोळाच्याच घराण्यातला ढोमा. हे मासे भोताभोवतीचे स्नायू थरथरवून आवाज काढतात, आणि जुने मच्छीमार होडीच्या फळीला कान लावून तो ऐकत, असं मुलांचे आजोबा सांगतात. ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात. ते कानातले. त्यांच्यावर झाडाच्या खोडात असतात तशी वाढीची वलयं असतात आणि अभ्यासक त्यावरून माशाचं वय काढतात. आमच्या शाळेत एका मुलाकडे अशा खड्यांची काड्यापेटी भरलेली होती. आई मासा कापत असताना तो पाटाशी बसून राहायचा. गणिताला कच्चा. मी त्याला खड्यांच्या जोड्या लावायला बसवायची.

भोत नसलेलेही आहेत, तो पुढचा धक्का. मोरी, म्हणजे शार्क, तिला ना हाडं ना भोत. सांगाडा कुर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या, आणि हलकेपणासाठी पोटात भलंमोठं तेलकट यकृत. पोहणं थांबलं की ती हळूहळू खाली जाते. तिच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. खवल्यांच्या जागी बारीक दातच असतात, सगळे मागे झुकलेले. लहान मुलांना शार्क म्हटलं की जबडा आठवतो. मी आधी पाठीवर हात फिरवायला लावते.

लांब पट्टीसारखी वाकटी आली की नियम मोडतो. शेपटीला पर नाहीच. अंग बारीक होत होत नुसतं टोक राहतं. ‘प्रत्येक माशाला शेपटीचा पर असतो’ असं जिने वहीत लिहिलं होतं तिने खोडरबर मागितलं.

आणि केंड. रापण ओढली की केंड बाजूला फेकलेले असतात. खायचे नाहीत, विषारी. वाळूवर पडले की गच्च फुगतात आणि पोरं त्यांना लाथा मारतात. हे मी थांबवते, थोडं ओरडूनच. मग विचारते, हा पळतो कसा? आखूड अंग, बारके पर, पळणार काय. तर तो पाणी गिळून असा फुगतो की गिळणाऱ्याच्या तोंडात मावू नये. पाण्याबाहेर काढलं की हवाच गिळतो. बांगडा पळतो, लेपा लपतो, केंड फुगतो. तीन मासे, सुटायच्या तीन रीती. हे वाक्य वर्गातल्या भिंतीवर मुलांनी स्वतः लिहून लावलंय, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. मी दुरुस्त केलेलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी वासाबद्दल नाक मुरडलं आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल शेरा मारला. मासा ताटात होता तो बघितला नाही.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे मासे दाखवायला नेणं हा आमचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. मुंबई-रायगडकडे त्यांना निवट्या म्हणतात. कांदळवनाच्या मुळांशी, उघड्या चिखलात, पाण्याबाहेर. “बाई, ह्यो मासो की बेडूक?” असं विचारलं गेलं नाही असं होतच नाही. छातीच्या परांवर अंग टेकवत, त्यांच्या आधाराने पुढे सरकतात. डोळे डोक्याच्या माथ्यावर, आणि मधूनच ते आत ओढून ओले करून घेतात. कातडीतून आणि तोंडाच्या ओल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतात, अंग ओलं आहे तोवर. वाटीतल्या कल्ल्याची मिटलेली झालर ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच निवटीचं खरं नवल वाटतं. बाकीच्यांना ती नुसती मजा.

घरचा अभ्यास देते तो जेवणाच्या ताटातला. शिजलेल्या बांगड्याचं मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं, त्या पोहण्याच्या स्नायूंच्या घड्या आहेत. त्या डोक्याकडून शेपटीकडे ओळीने, दोन्ही कुशींना आळीपाळीने आखडतात म्हणून मासा डावी-उजवीकडे वळवळतो. बांगड्याच्या कुशीला तपकिरी-लालसर पट्टा असतो, काही मुलं तो काढून टाकतात. सतत पोहत राहायचं काम तो पट्टा करतो. लेप्याच्या मांसात असा पट्टा शोधून बघा, म्हणते. डोळ्यातून निघणारी पांढरी टणक गोळी ही भिंग आहे, शिजण्याआधी पारदर्शक असते, माशाच्या डोळ्यात ती अगदी गोल असते. दुसऱ्या दिवशी सगळे सांगायला धावतात, आणि मी, माळकरी घरातली, त्यांच्या तोंडून ऐकते. एका आईने निरोप पाठवला होता, की बाईंनी पोराला असलं काही सांगू नये, ताटात मासा अर्धा तास उघडून बसतो आणि भात थंड होतो.

माझी धाकटी बहीण उजनीच्या काठच्या एका शाळेत शिकवते. तिचा फोन आला: तुमच्याकडे समुद्र आहे, आम्ही काय करायचं? मी म्हटलं, भिगवणला मासळीबाजार आहे, तुला आणखी काय पाहिजे. तिला कटला, रोहू आणि मृगळ शेजारी ठेवायला सांगितले आणि फक्त तोंडं बघायला सांगितली. कटल्याचं तोंड मोठं, वर वळलेलं. मृगळाचं लहान, खालच्या अंगाला. रोहूचं या दोघांच्या मध्ये कुठेतरी, जाड ओठांचं. शेततळ्यात हे तिन्ही एकत्र सोडतात ते याच हिशेबाने. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, एकाच पाण्यात तिघांची भांडणं होत नाहीत. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी शेततळं. त्यांना माशांच्या बियाण्याचा भाव माहीत, तोंडाची दिशा नाही.

एकाने तिला विचारलं, मग चिलापी (तिलापिया) कुठं खाते? उजनीत जाळं टाकलं की चिलापीच येते. बहिणीने मला विचारलं, मी सांगितलं: सगळीकडे, मिळेल ते. वर पिल्लं मादी तोंडात घेऊन सांभाळते, म्हणून जास्त वाचतात. (आमच्याकडच्या शिंगाळ्यात हे काम बाप करतो, अंडी तोंडात धरून उपाशी फिरतो. हे ऐकून तिच्या वर्गातल्या मुली बराच वेळ हसत होत्या म्हणे.)

आता तिला मरळ हवा आहे, जिवंत. मच्छीवाल्याने आणून द्यायचं कबूल केलंय आणि बजावलंय की बादलीवर झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर उडी मारून वर्गभर फिरेल. मी तिला सांगितलं, झाकण घट्ट ठेव, पण त्याला भोकं पाड आणि बादली काठोकाठ भरू नकोस. मरळाला हवा लागते, तोंड वर काढून घेतो. वर येऊ दिलं नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो. ती म्हणाली, हे मुलांना आधी सांगू की आणल्यावर? मी म्हटलं, काहीच सांगू नकोस. बादली ठेव, आणि तो किती वेळाने वर येतो ते मोजायला लाव.